घासलेली नाणी आणि घासलेले पंत

एका लहानशा संस्थानाचे राजे होते. जुन्या तांब्याच्या नाण्यांवर त्यांचा भारी जीव. दिवाळीत ती नाणी पूजेला काढली, तेव्हा राजवाड्यातल्या म्हाताऱ्या ठकूबाईने पूजेची भांडी घासावीत तशी चिंच लावून ती लख्ख केली.

दरबारचे नाणेपारखी रंगोपंत यांनी ती पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"महाराज, पहिल्या प्रतीची नाणी शेवटच्या प्रतीत गेली. जुन्या नाण्यावरचा काळा थर हाच त्याचा मान. घासलं की मान गेला. या बाईला आजच हाकलून द्या."

ठकूबाईला दुसरं घर नव्हतं. ती हळूच पंतांजवळ गेली.

"पंत, उटण्याचा वास छान येतोय हो."

"येणारच. आज अभ्यंगस्नान. पहाटे अंग चांगलं घासून घेतलंय."

ठकूबाई राजांकडे वळली. "महाराज, जुनी वस्तू घासली की शेवटच्या प्रतीत जाते म्हणे. पंत तर माझ्याहून जुने. त्यांना तबेल्यात बसवा, मग मी जाते."

पंत चिडले. "अगं, नाण्याचा थर परत येत नाही. माणसाचा मळ आठ दिवसांत परत येतो."

"मग आठ दिवस तबेल्यातच बसा," राजे हसत म्हणाले. "ठकूबाई, तू इथेच राहा. नाण्यांना मात्र पुन्हा हात लावू नकोस."

"नाही लावत, महाराज. पंतांना तिकडे कोणी अंघोळीचं पाणी देत नाही ना, तेवढं बघून येते."