अण्णांचे तीन लाख मैल

"एक मैलसुद्धा मिळणार नाही!" चेअरमन दिनकरअण्णा खराडे गरजले आणि त्यांनी आमटीची वाटी तोंडाला लावली.

त्यांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या हौसाबाईंनी भाकरी वाढली. पासपोर्ट आला होता, कॅनडाचा व्हिसाही झाला होता. अडलं होतं ते तिकिटापाशी. टोरंटोला हौसाबाईंची लेक दीपाली पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. पहिल्या बाळंतपणाला लेकीनं माहेरी यायचं. पण आता तिला विमानात कोण बसू देणार? तेव्हा माहेरानंच डिंकाचे लाडू घेऊन जायचं होतं. जाऊन-येऊन तिकिटाला लागत होते एक लाख मैल. आणि साखर कारखान्याच्या कामासाठी देशोदेशी फिरलेल्या अण्णांच्या नावावर विमान कंपनीनं बक्षीस म्हणून जमा केलेले मैल होते तीन लाख! मार्चअखेर ते बाद होणार होते.

"बाद झाले तरी चालतील," अण्णा म्हणाले. "ब्राझीलपर्यंत गुडघे मुडपून बसलोय मी. फुकट कुणाला देणार नाही."

"पण तिकिटाचे पैसे कारखान्यानं भरले ना, अण्णा?"

"भरू देत! मैल पैसे भरणाऱ्याचे नसतात, खुर्चीत बसणाऱ्याचे असतात. कंपनीचा नियम आहे. काय हो पतंगे?"

सेक्रेटरी पतंगेंनी तोंडात घास होता म्हणून नुसती मान डोलावली.

"यातला एक तरी मैल तुझा आहे असं दाखव, हौसाबाई. उद्या, संचालकांसमोर! जितके तुझे निघतील तितके तुला दिले!"

"मी तर अजून विमान जवळून पाहिलेलं नाही."

"म्हणून तर म्हणतोय!" अण्णांनी तृप्त ढेकर दिला.

दुसऱ्या दिवशी हौसाबाईंनी सगळ्या संचालकांना साखरेच्या गोदामात बोलावलं. काखेत दिवाणखान्यातला एक फोटो होता.

"अण्णा, जरा या काट्यावर उभे राहा."

"मी काय साखरेचं पोतं आहे?"

"पोतं पन्नास किलोचंच असतं, अण्णा!"

संचालकांनी रुमाल तोंडाला लावले. अण्णा तणतणत चढले. काटा म्हणाला, त्र्याण्णव.

हौसाबाईंनी फोटो समोर धरला. आठ वर्षांपूर्वी अण्णा चेअरमन झाले, तेव्हा गावानं त्यांना पारड्यात बसवून साखरेनं तोललं होतं. मागच्या फलकावर लिहिलं होतं : साखरतुला, ६२ किलो.

"उसाचा ट्रॅक्टर आला की कारखाना काय करतो, अण्णा?"

"भरलेला तोलतो, रिकामा तोलतो. फरक तो ऊस."

"आणि तो ऊस ट्रॅक्टरवाल्याचा?"

"त्याचा कसा? ज्यानं पिकवला त्याचा!"

"मग हे वरचे एकतीस किलो कुणी पिकवले?"

अण्णांनी खाली पाहिलं. पोटामुळे काट्याचा आकडा दिसेना.

"बासष्ट किलो तुमचे. एकतीस माझ्या भाकरीचे आणि पुरणपोळीचे. तुम्ही बसलात, तेव्हा तेही खुर्चीत बसले. पट्टा लावून बसले! त्र्याण्णवात एकतीस म्हणजे तिसरा हिस्सा. तीन लाखांचा तिसरा हिस्सा एक लाख!"

"पण ज्वारी माझी होती! तूप माझं होतं!"

"होतंच की. या फोटोतल्या वर्षीही घरात ज्वारी होती, तूप होतं. वहिनीसाहेब नुकत्या गेल्या होत्या. मी अजून कामाला लागले नव्हते. तेव्हा का नाही लागलं अंगाला, अण्णा?"

अण्णा फोटोतल्या त्या गालफडं बसलेल्या माणसाकडे पाहत राहिले.

मग आधी त्यांचं पोट हललं, पाठोपाठ खांदे, आणि अण्णा इतके मोठ्यानं हसू लागले की काट्यावरचा आकडा नाचायला लागला!

"पतंगे! बाईंचं तिकीट काढा, आत्ता! आणि हौसाबाई, तू येईपर्यंत मी खायचं काय गं?"

"बेतानं खा. अजून एकतीस किलो चढले, तर निम्मे मैल माझे होतील!"

अण्णांनी डोळे पुसले. "पतंगे, माझ्यातले एक लाख त्यात घाला. बाईंना पाय पसरून निजता येईल अशी जागा द्या!"