दुसरी सही

नदीच्या वळणावर एक सधन नगर होतं आणि त्या नगरात स्थपतींचं एक मंडळ होतं. घरं, देवळं, घाट, बाजार यांचे नकाशे काढणारे ते स्थपती. सगळे मिळून एकतीस. दर तीन वर्षांनी ते घागरीत सुपाऱ्या टाकून आपल्यातून एक महास्थपती निवडत. नगरात कोणतीही सार्वजनिक इमारत बांधायची, तर नकाशावर आधी काढणाऱ्याची सही व्हायची. मग दुसरा स्थपती तो नकाशा तपासून सही करायचा. शेवटी महास्थपतीचा शिक्का बसायचा. एकाच्या नजरेतून चूक सुटली तर दुसऱ्याला दिसावी, म्हणून हा नियम होता.

विश्वंभरपंत चार वेळा महास्थपती झाले होते आणि पाचव्यांदा उभे होते. त्यांच्यासमोर उभं राहायची कुणाची छाती होत नव्हती. या वेळी मात्र नागोजी स्थपती उभा राहिला.

कारणही तसंच घडलं होतं. भर श्रावणात नगरातली नवी मंडई कोसळली होती. वरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, पावसानं भिजून जड झालं, तुळया कडाकड मोडल्या आणि भाजी घेऊन बसलेली पाच माणसं मातीखाली गेली. न्यायाधीशांनी मंडळाला विचारलं, "चूक कुणाची?" मंडळानं लेखी उत्तर दिलं, "नकाशात दोष नाही. गवंड्यानं चुना कच्चा वापरला." झालं! सटवाजी गवंड्याला पाच वर्षांची कैद झाली. नकाशा मंडळाच्या दफ्तरात होता, तो दफ्तरातच राहिला.

नागोजीला हे सहन होईना. तो नगरभर फिरू लागला. एकेका स्थपतीच्या ओसरीवर बसून तावातावानं बोलू लागला. "ती माणसं चुन्यानं मेली नाहीत. आंधळ्या शिक्क्यानं मेली! न पाहता शिक्के मारणाऱ्यांच्या हातात हे मंडळ किती दिवस ठेवायचं?" लोक माना डोलवायचे. तरुण स्थपती तर त्याच्यासाठी जीव द्यायला तयार झाले. एकतिसांपैकी एकोणीस जणांनी त्याला शब्द दिला.

निवडणुकीला चार दिवस उरले असताना सटवाजीची बायको हौसा त्याच्या दारात आली. हाताला चुना लागलेला, डोक्यावर चुंबळ तशीच. नागोजी लगबगीनं पुढे झाला.

"या हौसाबाई, बसा. मी निवडून आलो की पहिलं काम सटवाजीचं."

हौसा बसली नाही. "दादा, तुमचं बोलणं मी चौकात ऐकलं. एक विचारू? मंडईचा तो कागद तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय का?"

"कागद दफ्तरात आहे," नागोजी म्हणाला.

"माझ्या मालकानं तीनदा सांगितलं होतं, खांब लांब लांब पडलेत, तुळई झेपायची नाही. त्याला उत्तर मिळालं, कागदावर शिक्का आहे, तू वीट लाव. त्यानं वीट लावली. आता तो आत आहे आणि त्याच्या नावावर तुम्ही सुपाऱ्या मागताय. निदान तो कागद तरी एकदा बघा."

एवढं बोलून ती कामावर निघून गेली.

तिचं बोलणं नागोजीला झोंबलं. तो तसाच उठून मंडळाच्या दफ्तरात गेला. कारकुनाकडून कागदांचा रुमाल सोडवून घेतला, नकाशा काढला आणि खिडकीशी धरला. चूक शोधावी लागलीच नाही. दोन खांबांमध्ये चौदा हातांचं अंतर! त्या जाडीच्या तुळईला, वर माळवदाची माती असताना, नऊ हातही जास्त झाले असते. शिकायला लागलेल्या पोरानंही हे ओळखलं असतं. नकाशा पंतांच्या जावयानं काढलेला होता. खाली त्याची सही होती. वर पंतांचा शिक्का होता. आणि मधे दुसरी सही होती, तपासणाऱ्याची.

ती नागोजीची होती.

सहीशेजारी तुपाचा डाग होता. डाग पाहिला आणि त्याला तो दिवस आठवला. पंतांकडे पुरणपोळीचं जेवण होतं. पंगत उठल्यावर कुणीतरी कागदांचा गठ्ठा पुढे केला होता. "एवढ्या सह्या करून टाका," असं म्हणालं होतं. नागोजीनं हात पुसता पुसता सह्या केल्या होत्या. किती, कशावर, ते पाहिलंही नव्हतं.

आजवर ज्यांना तो शिव्या देत होता, त्यांच्याच रांगेत तो उभा होता. त्याला स्वतःचीच चीड आली. त्यानं नकाशा गुंडाळला आणि तो घरी घेऊन गेला.

नागोजीनं नकाशा बाहेर काढल्याची खबर कारकुनानं पंतांना पोचवली. संध्याकाळी पंत स्वतः त्याच्या घरी आले. झोपाळ्यावर टेकले आणि शांतपणे म्हणाले,

"नागोजी, मी माघार घेतो. तू बिनविरोध निवडून ये. हव्या तेवढ्या सुधारणा कर, कडक नियम कर, मी आडवा येणार नाही. फक्त तो कागद दफ्तरात परत ठेव. त्यावर तुझीही सही आहे, विसरू नकोस."

नागोजीच्या मनात क्षणभर आलं, काय वाईट आहे? शिक्का आपल्या हाती आला, तर पुढच्या शंभर इमारती तरी नीट होतील. त्यानं विचारलं, "आणि सटवाजी?"

"गवंडी आहे तो," पंत म्हणाले. "पाच वर्षं कशीही काढील. त्याचं काय जाणार आहे? तुझं आणि माझं नाव जाईल."

नागोजी ताडकन उठला. "पंत, आपली चूक त्यानं ओळखली होती! एकतीस शिकल्यासवरल्या माणसांत कुणाला दिसलं नाही, ते त्या गवंड्याला दिसलं. आणि त्यालाच आपण कोंडलं! वर म्हणता, त्याचं काय जाणार? उठा माझ्या झोपाळ्यावरून."

पंत उठले. जाताना एवढंच म्हणाले, "मग हरायची तयारी ठेव."

निवडणुकीच्या दिवशी सभागृहात तांब्याच्या दोन घागरी मांडल्या होत्या. ज्याला निवडायचं त्याच्या घागरीत प्रत्येकानं एक सुपारी टाकायची. त्याआधी दोघांनी बोलायचं. पंत गोड बोलले. मंडळाची परंपरा, मंडळाची अब्रू, सगळं आलं. मग नागोजी उभा राहिला आणि त्यानं नकाशा सर्वांसमोर उलगडला.

"मंडईची चूक या कागदात आहे. चुन्यात नाही. शिक्का पंतांचा आहे. आणि दुसरी सही माझी आहे. मी कागद न पाहता सही केली. आपण सगळेच करतो. हा कागद मी उद्या न्यायाधीशांना देणार आहे. माझ्याबरोबर कोण येतं?"

एकच गलका झाला. "घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेतोस?" असं म्हातारे ओरडले. "तूही त्यातलाच निघालास!" असं तरुण ओरडले. कुणी म्हणालं, मंडळाची बदनामी होईल. कुणी म्हणालं, उद्या आपल्याला कामं कोण देईल? एवढ्या गदारोळात एकाच्याही तोंडून मेलेल्या पाच माणसांचा उल्लेख निघाला नाही. सटवाजीचं नाव तर कुणी काढलंच नाही.

सुपाऱ्या मोजल्या. पंतांच्या घागरीत सत्तावीस निघाल्या. नागोजीच्या घागरीत चार. ज्या एकोणीस जणांनी शब्द दिला होता, त्यांतले बहुतेक पंतांना हार घालायला रांगेत पुढे होते.

दुसऱ्या दिवशी नागोजी एकटाच न्यायाधीशांसमोर गेला. त्यानं नकाशा ठेवला, आपली सही दाखवली आणि सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी पंतांना बोलावलं. पंत हात जोडून म्हणाले, "शिक्का माझा खरा, पण तपासणाऱ्यावर मी विश्वास ठेवला." पंत नुसती समज मिळून सुटले. त्यांचा जावई तोवर परगावी निघून गेला होता. शिक्षा झाली ती नागोजीला. सात वर्षं त्यानं कोणत्याही नकाशावर सही करायची नाही, असा हुकूम झाला. सटवाजी मात्र त्याच दिवशी सुटला.

कैदखान्याच्या फाटकाशी हौसा उभी होती. नागोजीही जरा अंतरावर उभा होता. सटवाजी बाहेर आला. त्याची दाढी वाढली होती, गाल बसले होते. हौसानं त्याच्या हाताला धरलं आणि ती नागोजीकडे वळली.

"दादा, याला तुमचे उपकार म्हणणार नाही मी. ती पाच माणसं काही परत यायची नाहीत."

"म्हणूही नका," नागोजी म्हणाला. "माझंच होतं, ते मी उचललं. तेही उशिरा."

सटवाजी म्हणाला, "उद्या आमच्या आळीत या. मी गवंड्यांना जमवतो. त्यांना नकाशा कसा वाचायचा, ते शिकवा. सही करायची तुम्हाला बंदी आहे, शिकवायची नाही."

नागोजी गेला. एकदा नाही, सात वर्षं जात राहिला. गवंड्यांनी ठराव केला, की ज्यानं नकाशा तपासला, त्यानं कामावर येऊन आम्हाला तो समजावून द्यायचा. तोवर पाया भरायचा नाही. पंत चिडले, मंडळ चिडलं, पण इमारती काही मंडळाच्या हातांनी उभ्या राहत नव्हत्या. पंत महास्थपती होते, ते राहिले. शिक्काही त्यांच्याच कमरेला लटकत राहिला. पण नुसत्या शिक्क्यावर त्या नगरात पुन्हा कुणी एक वीट ठेवली नाही.

तात्पर्य: दुसऱ्यांच्या चुकीवर संतापून पुढारी होता येतं, पण आपल्या चुकीची शिक्षा दुसरा भोगत असताना जो गप्प बसत नाही, तोच पुढारी व्हायच्या लायकीचा, मग त्याला पद मिळो वा न मिळो.