माहेरचं पाणी

फार फार मागची गोष्ट सांगतो, पोरांनो. पोरांच्या आजी-आजोबांनो, तुम्हीही ऐका.

एका नदीकाठी रंगाऱ्यांची वस्ती होती. तिथे निंबाजी नावाचा रंगारी राहत होता. हात कोपरापर्यंत लाल, मनानं साधा.

वस्तीची एक जुनी रीत होती. कापड रंगवून उरलेलं पाणी नदीत सोडायचं नाही. परसात खड्डा खणायचा, त्यात राख टाकायची, पाणी तिथंच जिरवायचं. काम कष्टाचं, पण बापजाद्यांनी केलं म्हणून सगळे करत.

निंबाजीला एकुलती लेक, सुंद्रा. ती नदीच्या खालच्या अंगाच्या गावात दिलेली. रोज घागर भरताना ती म्हणायची, हे माझ्या माहेरचं पाणी. तिची सासू बायकांना हसून सांगायची, "आमच्या व्याह्यानं आंदणात भांडंकुंडं काही दिलं नाही. अख्खी नदीच देऊन टाकली."

पुढे एक फिरता व्यापारी वस्तीत नवा खार घेऊन आला. तो घातला की लाल रंग कितीही धुवा, उतरत नसे. राजाच्या दरबारातून मागणी येऊ लागली. पण त्या खाराचं पाणी जिथं जिरलं तिथलं गवत जळलं. निंबाजीचा शेवगा उभ्याउभ्या वाळला. तेव्हा वस्ती बसली आणि ठरलं, हे घराजवळ नको. वाहत्या पाण्याला कसला विटाळ? नदी मोठी आहे, पोटात घेईल. निंबाजीनंच कुदळ घेतली आणि नदीपर्यंत पाट काढला.

परसात पुन्हा हिरवं दिसू लागलं. सगळ्यांना बरं वाटलं.

पंचमीला सुंद्रा माहेरी आली. गाल बसलेले, नखं काळवंडलेली. जेवताना सहज म्हणाली की नदीचं पाणी कडू लागतं अशी गावात कुरकुर आहे, लोकांनी विहीर खणलीय, आता सगळे तिचंच पाणी पितात.

निंबाजीचा घास हातातच राहिला. "मग तूही विहिरीचंच पी, पोरी."

ती हसली. "आबा, माहेरचं पाणी कधी बाधतं का? मी नाही जायची त्या विहिरीवर."

खरं सांगायची हीच वेळ होती. पण सांगायचं म्हणजे पाट बुजवायचा, दरबाराचं काम सोडायचं आणि लेकीसमोर मान खाली घालायची. पुढच्या खेपेला सांगू, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि तिच्या ताटात आणखी एक दिंड वाढलं.

पुढची खेप झालीच नाही. थंडीत सांगावा आला, लेक अंथरुणाला खिळलीय. निंबाजी धावत गेला. सासूनं रडत सांगितलं की वैद्य विहिरीचं पाणी पाजा म्हणतो, पण ही तोंड मिटून घेते. मग ती काढा आणायला आत गेली.

सुंद्रानं उशाच्या तांब्याकडे बोट केलं. त्यात नदीचं पाणी होतं. "आबा, तुमच्या हातानं पाजा."

निंबाजीनं तांब्या उचलला आणि उंबऱ्याबाहेर ओतून दिला. "विष आहे त्यात, पोरी. मीच सोडलंय."

ती हळूच म्हणाली, "सासूबाईंना सांगू नका."

दिवस मावळायच्या आत ती गेली.

निंबाजीनं मात्र सासूला सांगितलं, साऱ्या गावाला सांगितलं. कुणी त्याला मारलं नाही. कुणी त्याच्याशी बोललंही नाही. घरी येऊन त्यानं एकट्यानं पाट बुजवायला घेतला. हळूहळू वस्तीनंही हात लावला. दरबाराचं काम गेलं. पण नदीच्या पोटात गेलेलं लवकर निघालं नाही. ती निवळली तेव्हा निंबाजी बघायला नव्हता.

म्हणून सांगतो, आपल्या दारातून वाहून गेलेली घाण संपत नसते. खाली कुणाच्या तरी लेकीच्या घागरीत ती भरली जाते.