ठमाईचा खड्डा

ती कुदळ आधी कुंपणाबाहेर ठेवून या. हो, तुमच्याच गड्याला म्हणतेय, टोपीवाले साहेब. या झाडाखाली लोखंड चालत नाही. कुदळ नाही, फावडं नाही, खुरपंसुद्धा नाही. बाकीच्यांनी सावलीत बसून घ्या. आणि बाई, तो घोस नका ओढू! लिची तोडली की जिथल्या तिथं थांबते, आंब्यासारखी अढीत पिकत नाही. हिरवी तोडलीत तर हिरवीच घरी न्याल.

ही आमची थोरली. आमच्या वेळशेत गावात आज लिचीच्या बत्तीस वाड्या आहेत, मे महिन्यात पेट्यांनी भरलेले टेम्पो मुंबईला जातात, त्या सगळ्यांचं मूळ हे झाड. आणि तिच्या शेजारी हा खड्डा. पुरुषभर खोल आहे, पोरांना आवरा. गेल्या खेपेला एक पाहुणे विचारत होते, काकी, पालापाचोळा टाकायला खणलाय का? म्हटलं, नाही हो, बाईला पुरायला खणलाय. त्यांचा चहा तसाच राहिला कपात.

गोष्ट फार जुनी. किती जुनी ते माझ्या आजेसासूलाही सांगता येत नव्हतं. तेव्हा ही सगळी जमीन तात्यासाहेब इनामदारांची. खाडीपलीकडे करंजवेल म्हणून गाव आहे, तिथं लिचीचं एक जुनं, मोठं झाड होतं. कुणा तांडेलानं गलबतातून पूर्वेकडून आणलं होतं, म्हणे. त्याची फळं एकदा तात्यासाहेबांनी खाल्ली आणि माणूस वेडावला. माझ्या जमिनीत लिचीची वाडी उभी राहिलीच पाहिजे, म्हणाले. करंजवेलच्या माळ्याकडून चाळीस गुट्या आणल्या. गुटी म्हणजे फांदीची साल गोल सोलून तिथं ओलं शेवाळ बांधायचं, मुळं फुटली की फांदी कापून तिचंच रोप करायचं. रोपं लावली, खत दिलं, पाणी दिलं. चाळीस दिवसांच्या आत सगळी करपली. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. गाव पाठीमागं हसायला लागलं, आणि ते हसू तात्यासाहेबांना फळ न मिळण्यापेक्षा जास्त झोंबलं.

चौथ्या वर्षी श्रावणात त्यांनी डोंगरातला भगत बोलावला. रावजी त्याचं नाव. त्यानं वाडीतली माती हातात घेतली, हुंगली, अंगात आल्यासारखा घुमला आणि एवढंच बोलला, "माय पायाशी येईल तर लेकरं जगतील. माय द्या." मग कांबळं उचललं आणि डोंगराकडे चालता झाला. भगत खरंच बोलला होता, असं सांगतात. ऐकणारे चुकले.

तात्यासाहेबांना ऐकू आलं ते असं, की जमिनीला एक आई पाहिजे. जुना काळ तो! तळ्याच्या बांधात, गडाच्या बुरुजात माणसं चिणल्याच्या गोष्टी तेव्हा लोक सहज सांगत. त्यांना त्यात नवल वाटलं नाही, इतका त्या माणसाचा हट्ट पेटला होता. वाडीवर माळी होता गोमा, आणि त्याची बायको ठमा. ठमाच्या मांडीवर तीन महिन्यांची लेक. वाडीत आई म्हणायला ती एकटीच.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. पंचमीला आपल्यात जमीन खणत नाहीत, म्हणून चवथीलाच चाळीस खड्डे खणून त्या वर्षीची रोपं लावून घेतली, आणि पहिल्या रोपाशेजारी हा खड्डा खणला. षष्ठीला सूर्य उगवताना ठमाला यात उतरवायचं ठरलं. गोमा पाया पडला, रडला, पळून जायची भाषा बोलला. पण जायचं कुठं? चहूकडे इनामदारांचीच माणसं होती.

ठमा रडली नाही. ती तात्यासाहेबांच्या ओसरीसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सरकार, उद्या पंचमी. शेवटचं माहेर करून येते. माहेरवाशिणीला पंचमीला कुणी अडवलंय का?" तिचं माहेर करंजवेल. ज्यानं त्या गुट्या बांधून दिल्या, त्या माळ्याचीच ती मुलगी. तात्यासाहेब म्हणाले, "जा. पोर इथं राहील. दिवस मावळायच्या आत आली नाहीस, तर खड्डा रिकामा राहणार नाही." कळलं का, काय बोलला तो? अंगावर काटा येतो अजून सांगताना.

सकाळी ओहोटीला ठमा खाडी उतरून गेली. माहेरी झोके बांधलेले, गाणी चाललेली. आईनं तिची ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ. ठमानं घरात काही सांगितलं नाही. बाप लिचीखाली बसून गुट्या तपासत होता. तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "बाबा, इथं लावलेली गुटी जगते, आमच्याकडची का मरते?"

बाप म्हणाला, "अगं, इथं ती मायच्या पायाशी असते. तिला तिची माती मिळते."

गुटी ज्या झाडावर बांधतात, त्या झाडाला करंजवेलचे माळी 'माय' म्हणत. लहानपणापासून ठमाच्या कानावरचा शब्द! पण मरणाच्या भीतीनं तिचं ते भानच गेलं होतं. ती ताडकन उठली. म्हणाली, "बाबा, कुदळ द्या." बाप भडकला. "पंचमीला कुदळ? भुईला आज जखम करायची नाही, ठाऊक नाही तुला?" मग कुठं तिला रडू फुटलं आणि तिनं खड्ड्याची सगळी हकीकत सांगितली. पण कुदळ बापानं दिली नाही ती नाहीच.

तेव्हा ठमा झाडाखाली बसली. पाला बाजूला सारला आणि बोटांच्या पेरांनी वरवरची भुसभुशीत माती गोळा करायला लागली. खणलं नाही, नुसतं वेचलं. लिचीची बारीक मुळं अगदी वर असतात, साहेब. कुदळ लागली असती तर मायच दुखावली असती. ओटीतले नारळ-तांदूळ तिनं काढून ठेवले तशी आई ओरडली, "अगं अवदसे, भरली ओटी रिकामी करतेस?" ठमा म्हणाली, "रिकामी नाही गं, भरतेच आहे." आणि ओटीत माती भरली.

ती खाडीवर आली तेव्हा दुपारची भरती अजून पुरती उतरली नव्हती. सणाचा दिवस, होडीवाला जागेवर नाही. सूर्य तर खाली चाललेला. पोहता आलं असतं, पण मातीला खारं पाणी लागलं की ती मेलीच. ठमानं ओटी सोडून मातीचं गाठोडं केलं, डोक्यावर घेतलं आणि पाण्यात शिरली. कंबर, छाती, हनुवटी. मध्ये एकदा पाय घसरला आणि ती नाकापर्यंत बुडाली, पण हात खाली आले नाहीत, असं सांगतात.

वाडीत पोचली तेव्हा दिवस टेकला होता. तात्यासाहेब खड्ड्याच्या काठावर उभे, दाईच्या हातात पोर रडतंय. ठमानं कुणाकडे पाहिलं नाही. पहिल्या रोपाच्या मुळांशी ती माती घातली, हातानं दाबली आणि म्हणाली, "भगतानं मागितली ती माय ही. आणली मी. हे रोप मेलं तर चाळिसाव्या दिवशी मी आपल्या पायांनी खड्ड्यात उतरेन."

तात्यासाहेबांनी चाळीस दिवस दिले. पोर मात्र आपल्याच घरात ठेवलं. ठमा दूध पाजायला जायची आणि परत येऊन रोपापाशी बसायची. माती एकाच रोपापुरती होती. बाकीची एकोणचाळीस एकेक करून वाळली. पंचविसाव्या दिवशी ठमाच्या रोपाचंही पान गळलं. मग दुसरं, तिसरं. छत्तिसाव्या दिवशी नुसती काडी उरली. खड्ड्यात पावसाचं गुडघाभर पाणी साचलं होतं, ते इनामदारांच्या माणसांनी उपसून ठेवलं. गोमानं जेवण टाकलं. ठमा तेवढी काडीला सांगत बसायची, अगं, मायची माती आहे, धर की!

चाळिसाव्या दिवशी सकाळी सगळा गाव जमला. आणि त्या काडीच्या टोकाला तांब्याच्या रंगाची पालवी होती. नखाएवढी. लिचीची कोवळी पालवी तांबूसच असते, पण त्या दिवशी गावानं ती पहिल्यांदा बघितली.

तात्यासाहेबांनी पोर आणवून ठमाला दिलं आणि म्हणाले, "उद्या वीस गडी कुदळी घेऊन करंजवेलला पाठवतो." ठमा म्हणाली, "कुदळ नाही. हातानं वेचून मी आणीन, हवी तेवढी. पण आधी सरकारांनी यात उतरायचं." माळ्याची बायको इनामदाराला हे सांगते! पण तो माणूस उतरला. ठमा काठावर पोरीला पाजत बसली आणि पोरीचं पोट भरेपर्यंत तो आत उभा राहिला. खालून त्याला वीतभर आभाळ आणि ठमाचे पाय दिसत होते, एवढंच. वर आला तो घामानं भिजलेला. "हा बुजवू नका," इतकंच म्हणाला, म्हणे.

पुढं करंजवेलची माय वादळात पडली. आता करंजवेलवालेसुद्धा इथूनच माती नेतात, माहेरच लेकीच्या दारी आलं म्हणायचं. कृषी खात्याचे साहेब सांगतात, जुन्या लिचीच्या मातीत एक बुरशी असते, ती मुळांना धरून राहते आणि त्यावर रोप जगतं. असेल बुवा. ते बुरशी म्हणतात, आम्ही माय म्हणतो.

आजही वेळशेतात माती वेचून द्यायची ती बायकांनी, हातानंच, आणि ओटीत घालून. आजही हा खड्डा कुणी बुजवत नाही. आणि ज्याला माती हवी त्यानं आधी यात उतरायचं. वाडीच्या मालकानं. गड्याला उतरवलेलं चालत नाही.

तुमच्या दोन एकरांना पुरेल एवढी माती आहे, साहेब. मी देईन. चपला इथं काढा, टोपी बाईंकडे द्या. शिडी नाही, हातावर जोर देऊन उतरायचं. आणि उतरलात की एकदा वर बघा.