मेंदूच्या वेशीवरचा पंप

माणसाला औषधांची ओळखही नव्हती, तेव्हापासून मेंदूच्या वेशीवर एक पंप राखण करत होता. रक्तातून कोणी परका आत डोकावला, की पंप त्याला मुठीत धरून पुन्हा रक्तात सोडायचा.

एकदा मेंदूत जंतू शिरले. त्यांना मारायला प्रतिजैविकाचा एक कण धावत आला. पंपाने त्याला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा कणाने विचारलं, "आजोबा, जंतू आत गेले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. पण ते एवढे मोठे, माझ्या मुठीत मावत नाहीत. तू मावतोस."

कण विचारात पडला. "एका वेळी किती जणांना धरता?"

"एकालाच."

कण गेला आणि शेकडो भावंडांना घेऊन आला. पंप एकेकाला बाहेर सोडत राहिला, तोवर बाकीचे आत घुसले. जंतू मेले.

परतताना कणाला पंप हताश दिसला. "उद्या विष असंच घोळक्याने आलं तर मी काय करू?" पंपाने विचारलं.

कण आपणहून पंपाच्या मुठीत जाऊन बसला.