जेट विमान आणि म्हशीचा बाजार

“सूर्य मावळायच्या आत एक जेट विमान निवडा!” राजे गगनाजीराव कडाडले. “पण विमानात बसून बघायचं नाही आणि विकणाऱ्यांनी केलेली स्तुती ऐकायची नाही. जमलं नाही, तर उद्या धावपट्टी नांगरून मी तिथं वांगी लावणार!”

राज्याच्या विमानसेवेकडे तेव्हा एकच पंख्याचं विमान होतं, तेही चार माणसांनी ढकलल्याशिवाय हलत नसे. आज मैदानात तीन चकचकीत जेट उभी होती आणि शेजारी त्यांचे तीन विक्रेते. प्रधानजी विमानांच्या कुंडल्या मांडत बसले. सेनापतींनी एका चाकाला लाथ मारून पाहिली आणि ते लंगडत परतले!

गर्दीतली भानू मात्र वांग्यांचं नाव ऐकताच पुढं सरसावली. धावपट्टीवर घुसणाऱ्या म्हशी हाकलणं ही तिची नोकरी. म्हशीही तिच्याच होत्या, पण हे राजांना कुणी सांगितलं नव्हतं. वांगी लागली, की नोकरीही गेली आणि म्हशींचं गवतही!

“महाराज, मी निवडते!”

“तुला विमानातलं काय कळतं गं?”

“काय बी न्हाई. पण म्हैस इकणाऱ्यातलं कळतं! बाजारात आम्ही एकच इचारतो, हिचं दूध तुज्या घरात कोण पितं?”

ती पहिल्या विक्रेत्याकडे वळली. “सायेब, तुमच्या घरचं कोण बसतं यात?”

“सासूबाई!” तो छाती फुगवून म्हणाला. “दर आठवड्याला बसवतो!”

“आन् आई?”

“आई... आगगाडीनं जाते.”

दुसऱ्याला विचारलं, तर त्याला एकाएकी खोकल्याची उबळ आली. तो स्वतःच बोटीनं आला होता!

तिसरा ओशाळून म्हणाला, “आई आतच आहे. सकाळपासून उतर म्हणतोय, ऐकतच नाही.”

तेवढ्यात विमानाच्या दारातून एक म्हातारी ओरडली, “अरे, पुन्हा कधी उडायचं? माझं विणकाम संपत आलं!”

“हेच घ्या, महाराज!” भानू म्हणाली.

“घेतलं!” राजे म्हणाले. “पहिल्या फेरीला आमच्या मेहुण्यांना बसवू.”

“मग लोक म्हणतील, राजानं बी सासूचंच इमान घेतलं!”

राजे इतके हसले, की पागोटं घरंगळत धावपट्टीवर गेलं. “आईसाहेबांना बोलवा! खिडकीची जागा त्यांची! आणि भानू, तू काय हवं ते माग.”

“धावपट्टीच्या कडेचं गवत द्या. रोज मधी येणाऱ्या त्या म्हशी... माज्याच हायत!”

राजे पोट धरून हसले. “दिलं! पण आधी पागोटं आण गं, तुझी म्हैस खातेय ते!”