उशी घेऊन सिनेमाला

एकदा एक म्हातारे सिनेमावाले बगलेत उशी मारून आपल्या चेल्याचा सिनेमा बघायला आले. हयातभर सिनेमे केलेला माणूस, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. चेल्याचा हा पहिलाच. बंदरावरच्या जत्रेत, तंबूत, तो उद्या लागायचा होता. गुरुजी चांगला म्हणाले तरच लावायचा, नाहीतर गुंडाळून ठेवायचा, असं चेल्यानं मनाशी धरलं होतं.

"गुरुजी, उशी कशाला?"

"मान अवघडते रे. तू लाव."

त्याच तंबूच्या कनाती सोडल्या. आत हिरवट, मऊ अंधार झाला, पाण्याच्या तळाशी बसल्यासारखा. लाटांचा आवाज पडद्यावरचा की बाहेरचा, तेही कळेना. पडद्यावर एक कोळीण आली, दर्यावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी. आणि गुरुजी घोरू लागले.

गाणं झालं, रडारड झाली, तरी घोरतायतच. चेल्यानं खोकून पाहिलं, खुर्ची आपटून पाहिली. छे.

मग ती कोळीण वाळूत सुकट राखत बसली, हातात काठी, कावळे हाकत. एक माणूस आला, होडी बुडाल्याचं सांगून खालमानेनं गेला. कावळे सुकटीवर उतरले. तिची काठी काही उचलेना. गुरुजी उठून बसले, पार पुढे वाकून. एवढ्यात कोळीण उभी राहून आपलं दुःख सांगायला लागली, चांगलं लांबलचक. गुरुजी परत उशीवर.

दिवा लागला तेव्हा चेल्याचे डोळे भरले होते. "झोपायचंच होतं तर घरी झोपायचं की. माझ्या आईची गोष्ट आहे ती. ते भाषण लिहिताना मला घास गेला नव्हता."

"बाळा, पाहुण्याला पानावर बसवलंस आणि घासही तूच चावून दिलेस. रडायचं तूच, शहाणपण सांगायचं तूच. पाहुण्यानं करायचं काय? कावळ्यांपाशी मात्र तू गप्प बसलास. मला झालं, अगं, उचल ना काठी. माझाच हात शिवशिवला. तेवढा सिनेमा आपण दोघांनी मिळून केला, म्हणून तेवढा चांगला झाला." मग उशी झटकत म्हणाले, "आणि झोप कुठली लागायला? घोरायची नक्कल मला पहिल्यापासून जमते."

चेल्यानं कात्री घेतली. भाषणाचं रीळ कापताना आईचा पदर कापल्यागत वाटलं.

दुसऱ्या दिवशी तंबू कोळणींनी भरला. ती जागा आली. माणूस सांगून गेला, कावळे उतरले, आणि पडद्यावर पुढे भाषण आलंच नाही. पुढे बसलेली एक म्हातारी कोळीण गुडघ्यावर हात टेकून अर्धवट उठली, पडद्याकडे हात हलवत हलकेच म्हणाली, "हाऽ, हाऽ."

कावळे कसले उडतायत? पण तिच्यामागं आणखी एक हात उठला, मग आणखी एक.

मागं उभ्या चेल्यानं ते हात पाहिले. आईच्या वतीनं आता आपल्याला काही बोलायला नको, हे त्याला कळलं.